कॅमेरे भिंतीवर, डीव्हीआर चोराच्या पिशवीत

दुकानफोडीची बातमी आली की मी तिची शेवटची ओळ आधी वाचतो. ती बहुतेक वेळा ठरलेली असते : 'जाताना चोरट्यांनी सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लंपास केला.' डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारी पेटी. कॅमेरे बसवणं हाच माझा धंदा असल्यामुळे ती ओळ जरा जास्तच टोचते.

काही वर्षांपूर्वी एका हार्डवेअरवाल्यांचा पहाटे सहाला फोन आला. "दादा, कॅमेरे आहेत हो सगळे. मशीनच नाही." चारही कॅमेरे जागेवर, एकालाही ओरखडा नाही. डीव्हीआर मात्र गेला. चोरीआधी तो गल्ल्याच्या शेजारी, काउंटरखाली, निळा दिवा लुकलुकत ठेवलेला होता. तो तिथे मीच बसवला होता. तिथून टीव्हीची वायर जवळ पडत होती, एवढंच कारण.

तेव्हापासून मी काम उलट्या क्रमाने करतो. गिऱ्हाईक कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर बोलू लागलं की मी आधी डीव्हीआरची जागा विचारतो, मग वीज, मग पासवर्ड, आणि कॅमेरा शेवटी. खर्चाचा क्रम लोक नेमका याच्या उलट लावतात. खाली हे सगळं एकेक करून सांगतो. चार-आठ कॅमेऱ्यांचं दुकान, क्लिनिक, गोडाऊन, बंगला किंवा फ्लॅट डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी दहा मिनिटांची परीक्षा

काहीही विकत घेण्याआधी रात्री दुकान बंद करून बाहेर उभे राहा. फोनवर कॅमेरे चालू ठेवा आणि मीटरबोर्डवरचा मेन पाडा. चित्र गेलं? मग तुमची यंत्रणा, निदान फोनवरचं चित्र तरी, एका बोटाने बंद होते, आणि बऱ्याच जुन्या इमारतींत ते मीटर जिन्याखाली उघड्यावर असतं.

मेन परत चालू करा. आता प्रत्येक कॅमेऱ्यापर्यंत चालत जा आणि बघा, तुमचा चेहरा कुठल्या कॅमेऱ्यात, किती आधी दिसतो. ज्या कॅमेऱ्यापाशी तुम्ही कुणालाही न दिसता पोचलात, तो कॅमेरा पहिला फिरवला जाणार. शेवटी दुकानाच्या दारातून वायरी नजरेने धरत डीव्हीआरपर्यंत जा. तुम्हाला जेवढा वेळ लागला, त्याहून चोराला फार जास्त लागणार नाही.

हे तीन निकाल कागदावर लिहून ठेवा. पुढचं काम त्यावरूनच ठरतं.

डीव्हीआर लपवा, पण गुदमरवू नका

काउंटरखाली, टीव्हीमागे, साहेबांच्या केबिनमध्ये टेबलावर, देवघराच्या वरच्या फळीवर : चोर या चार जागा पाठ करून येतो. पोटमाळा, फॉल्स सीलिंगच्या वरची भक्कम फळी, मागच्या खोलीचं कुलूपबंद कपाट, वरच्या मजल्यावरचं घर, यांतली एखादी जागा निवडा. दुकान खाली आणि घर वर असेल तर प्रश्नच मिटला, डीव्हीआर घरात न्या. टीव्ही दुकानातच हवा असेल तर नेटवर्कच्या केबलवरून चित्र नेणारा एचडीएमआय एक्स्टेंडर मिळतो. किंवा टीव्ही सोडा, फोनवर बघा.

काही जण डीव्हीआर तिजोरीत ठेवतात. कल्पना सुचायला छान आहे, पण बंद लोखंडी पेटीत हार्डडिस्क दिवसरात्र फिरत राहिली की तापते, आणि उन्हाळ्यात एक दिवस गुपचूप मरते. त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडून अँगल आणि जाळीचा पिंजरा करून घ्या. तो भिंतीला बोल्टने पक्का करा, बोल्टची डोकी आतून ठेवा. चारी बाजूंनी हाताच्या पंजाएवढी मोकळी जागा सोडा. कुलूप लोंबतं नको, कारण लोंबतं कुलूप सळईने सुटतं. पिंजऱ्याने चोरी अशक्य होत नाही, वेळ लागतो. शटर उचकटून आत आलेल्या माणसाकडे वेळच नसतो.

उंचीचा आणखी एक मुद्दा आमच्या भागात शिकायला मिळाला. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला बाजारपेठाच पाण्याखाली गेल्या. तळमजल्यावर काउंटरखाली ठेवलेलं यंत्र पुरात वाचत नाही. नदीकाठच्या गावात डीव्हीआर चोरासाठी नाही तर पाण्यासाठी तरी वर न्या.

आता एक जुनी, स्वस्त युक्ती. बिघडलेला डीव्हीआर भंगारात देऊ नका. तो काउंटरखाली ठेवा, अडॅप्टर लावून दिवा चालू ठेवा, दोनचार वायरी खुपसा. चोर तो घेऊन समाधानाने जातो. खरा डीव्हीआर वर रेकॉर्ड करत असतो. मात्र खऱ्या वायरींचा जाडजूड जुडगा पोटमाळ्याकडे जाताना उघडा दिसत असेल, तर या सोंगाचा उपयोग नाही. वायरी पाइपमधून, कोपऱ्याने, शक्यतो भिंतीच्या पलीकडून न्या.

दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी

डीव्हीआर गेलाच, तर? त्या रात्रीचं निदान पंधरा मिनिटांचं चित्र दुसरीकडे हवंच.

सगळ्यात सोपं म्हणजे दाराकडे तोंड असलेला एक कॅमेरा मेमरी कार्ड घेणारा ठेवायचा. आयपी कॅमेऱ्यांत (नेटवर्कच्या केबलवर चालणाऱ्या) आणि वायफाय कॅमेऱ्यांत बहुधा ती सोय असते. कार्ड सतत लिहिलं-पुसलं जातं, म्हणून पाकिटावर 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलंच घ्या. साधं मोबाइलचं कार्ड काही महिन्यांत बंद पडतं आणि बंद पडल्याचं कुणाला कळतही नाही. कॅमेराच उपटून नेला तर कार्डही जातं, हे उघड आहे. तरी दोन गोष्टी एकाच रात्री न्यायला चोराला जास्त राबावं लागतं.

त्याच्या पुढची पायरी क्लाउडची. पण चोवीस तासांचं सगळं चित्र क्लाउडवर पाठवायच्या भानगडीत पडू नका. साधा हिशेब करू. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या एच.२६४ पद्धतीने सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर दिवसाला साधारण ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर जेमतेम सहा दिवस मावतात. एच.२६५ वर तेच चित्र निम्म्या जागेत बसतं आणि अकरा-बारा दिवस मिळतात. एवढा माल रोज अपलोड करणं छोट्या दुकानाच्या कनेक्शनला झेपणार नाही. म्हणून क्लाउडवर फक्त हालचालीच्या क्लिपा पाठवा, त्याही दुकान बंद असतानाच्या वेळेतल्या. हिशेब करताना आणखी एक गोष्ट लक्षात येते : सहा दिवसांची साठवण म्हणजे आठवड्याने लक्षात आलेल्या चोरीचं चित्र पुसलं गेलेलं असणार. स्टॉकची मोजणी महिन्याने होत असेल तर साठवणही निदान तीस दिवसांची हवी.

ज्यांची दोन दुकानं किंवा दुकान आणि घर आहे, त्यांनी एकमेकांच्या महत्त्वाच्या एकेका कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग एकमेकांकडे ठेवावं. भाडं नाही, वर्गणी नाही.

वीज आणि इंटरनेट

चार कॅमेरे रात्री इन्फ्रारेड दिव्यांसह साधारण २० वॉट खातात, डीव्हीआर १५, राउटर १०. म्हणजे ४५ वॉट. संगणकाचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस, त्यातली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची. नवी असताना तो एवढा भार तासभर ओढतो. दोनतीन वर्षांनी दहा मिनिटंही ओढत नाही, म्हणून बॅटरी बदलल्याची तारीख त्यावर चिकटवून ठेवा. घरचा मोठा इन्व्हर्टर असेल तर रात्र सहज निघते. फक्त तो 'यूपीएस मोड'वर आहे ना, ते बघा. नाहीतर वीज गेली की डीव्हीआर बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि त्या दोन मिनिटांत जे घडायचं ते घडून जातं.

राउटर विसरू नका. डीव्हीआर यूपीएसवर आणि राउटर साध्या प्लगवर, हे मी दर महिन्याला कुठेतरी बघतो. मग वीज जाते, रेकॉर्डिंग चालू राहतं, पण फोनवर काही येत नाही. आयपी कॅमेरे असतील तर पीओई स्विचही (केबलवरूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा) यूपीएसवर घ्या, नाहीतर कॅमेऱ्यांनाच वीज मिळणार नाही. फायबरची वायर खांबावरून लोंबत येत असेल तर ती कात्रीने तुटते. मोठ्या गोडाऊनला म्हणूनच सिमवर चालणारा दुसरा राउटर लावून ठेवणं परवडतं. किराणा दुकानाला त्याची गरज नाही.

मीटरबोर्डला कुलूप लावायचं असेल तर आधी वायरमनला विचारा. आग लागली तर मेन पाडायला वाट हवी.

कॅमेरा आणि त्याच्या वायरी

नऊ-दहा फुटांवर लावा. त्याहून खाली हात पोचतो, आणि फार वर नेला तर टोपी दिसते, चेहरा नाही. म्हणून बाहेरचा कॅमेरा वर आणि आतला एक कॅमेरा दारासमोर, चेहऱ्याच्या जरा वर, आत येणाऱ्याकडे बघणारा, असा जोड लावतात. दारातून उजेड मागून येतो, त्यामुळे त्या आतल्या कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर, म्हणजे उजेड-अंधार एकाच चित्रात सांभाळणारी सोय, हवी. नाहीतर येणारा प्रत्येक जण काळी सावली दिसतो.

मुख्य नियम एवढाच की प्रत्येक कॅमेरा दुसऱ्या एका कॅमेऱ्याला दिसला पाहिजे. पहिल्यावर स्प्रे मारला, पिशवी घातली, काठीने वर फिरवला, तर ते करणारा दुसऱ्यात टिपला जातो. चार कॅमेरे चार दिशांना पाठीला पाठ लावून बघत असतील तर प्रत्येकाची पाठ उघडी आहे. सहसा कॅमेरा वाढवावा लागत नाही, तोच समोरच्या भिंतीवर न्यावा लागतो.

हाताशी येईल अशा जागी, म्हणजे लिफ्ट, जिना, पार्किंग, तिथे नळकांड्यासारखा बुलेट कॅमेरा लावू नका. तो हँडलसारखा धरता येतो. घुमटाकार डोम लावा आणि खोक्यावर आयके१० लिहिलेलं बघा. त्याचा अर्थ ५ किलोचं वजन ४० सेंटिमीटरवरून आदळल्याइतका, म्हणजे २० ज्यूलचा मार तो सोसतो. आयपी६६ किंवा आयपी६७ हे पाणी-धुळीचं माप, माराचं नव्हे. दुकानदारही हे दोन्ही गोंधळवतात.

वायर कॅमेऱ्याच्या मागून सरळ भिंतीत गेली पाहिजे. बाहेर लोंबणारी थ्री-प्लस-वन केबल आणि तिला टेप गुंडाळलेला बीएनसी जोड, असं चित्र गावोगाव दिसतं. तो जोड ओढला की कॅमेरा गेला, आणि कुणी ओढला नाही तरी पहिल्या पावसात त्याला गंज चढतो. जोड जंक्शन बॉक्समध्ये घ्या, बॉक्सची भोकं सिलिकॉनने बंद करा, पाइप भिंतीलगत ठेवा. बॉक्सला साध्या स्क्रूऐवजी खास पाना लागणारे स्क्रू लावा, दोन रुपयांचा फरक पडतो.

वायफाय कॅमेऱ्याबद्दल माझं मत कडक आहे. घरातल्या पाळण्यावर, म्हाताऱ्या आईवर लक्ष ठेवायला ठीक. दुकानाच्या राखणीला नको. वायफाय भिंतीबाहेरून तोडता येतं. वायर ओढणं खरंच अशक्य असेल तर राउटरवर डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) चालू करा आणि कॅमेऱ्यात कार्ड टाका. सिग्नल तुटला तरी कार्डावर रेकॉर्डिंग चालू राहतं.

आणि कोळी! इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी, आणि रात्रभर पांढऱ्या जाळ्याचं चित्र रेकॉर्ड होतं. ही छेडछाड नसली तरी नुकसान तेवढंच. महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झटका.

पासवर्ड

इथे चोराला यावंही लागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली, तपासणीच्या खोलीतली चित्रं इंटरनेटवर विकायला आल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. त्या प्रकरणात 'अ‍ॅडमिन१२३' असा कारखान्यातून येतो त्या वळणाचा पासवर्ड तसाच राहिला होता, असं पुढे बातम्यांत आलं. (तपासणीच्या खोलीत कॅमेरा का होता, हा प्रश्न पासवर्डच्याही आधीचा.) २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे असेच गिळले. त्याच्याकडे साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांची यादी होती, बस्स. त्याच यंत्रांना जुंपून त्या वर्षी २१ ऑक्टोबरला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन (Dyn) कंपनीवर हल्ला झाला आणि मोठमोठ्या साइट काही तास अडल्या.

तेव्हा आज संध्याकाळी एवढं करा. डीव्हीआरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. दुकानाचं नाव, मोबाइल नंबर, गाडीचा नंबर नको. चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत जोडून मध्ये आकडे घाला, लक्षात राहतो आणि लांबही होतो. आयपी कॅमेरे असतील तर प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. मग राउटरचा. राउटरमध्ये शिरलाच आहात तर यूपीएनपी (यंत्रांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटांच्या, यादीत ८०, ५५४, ८०००, ३७७७७ किंवा ३४५६७ असे पोर्ट उघडे दिसले तर काढून टाका. 'घरून दिसावं' म्हणून कधीतरी कुणीतरी उघडलेले असतात. हल्ली कंपनीच्या अ‍ॅपला त्यांची गरज पडत नाही. कॅमेऱ्यांना राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर किंवा वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) ठेवलंत तर बिलिंगचा संगणक वेगळा राहतो.

आता आमच्या धंद्यातली न सांगितली जाणारी गोष्ट. बसवणारा बरेचदा गडबडीत तुमचा डीव्हीआर स्वतःच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये, स्वतःच्या खात्यावर जोडतो आणि तुम्हाला तिथून 'शेअर' करून देतो. तुम्हाला चित्र दिसतं, तुम्ही खूश. मालक मात्र तो. त्याने उद्या धंदा सोडला, त्याचा फोन हरवला, तरी तुमचं दुकान त्या फोनवर दिसत राहतं. अ‍ॅप उघडून यंत्राच्या माहितीत 'शेअर्ड' किंवा 'शेअर्ड बाय' असं काही दिसतं का ते बघा. दिसलं तर त्याच्याकडून अनबाइंड करून घ्या, म्हणजे त्याच्या खात्यातून काढायला लावा, आणि स्वतःच्या ईमेलवर, दुहेरी पडताळणीसह जोडा. पैसे चुकते करण्याआधी हे करून घेतलेलं बरं.

क्लाउड म्हटलं की निर्धास्त व्हायचं असंही नाही. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या अमेरिकी कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत हॅकर पोचले होते. शयनकक्ष, कपडे बदलायची खोली, तपासणीची खोली इथे कॅमेरा नसणं हाच तिथला उपाय.

नवी खरेदी करणार असाल तर एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारचे सुरक्षेचे निकष लागू आहेत. त्यांत सहज न उघडणारं आवरण, एन्क्रिप्शन, सॉफ्टवेअरची तपासणी असं सगळं येतं. त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. 'जुना स्टॉक, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. जुन्या यंत्राचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कंपनीच्या साइटवरूनच घ्या, आणि अपडेट करताना यूपीएस चालू असू द्या.

इशारे चालू करा, पण मोजके

बहुतेक डीव्हीआरमध्ये हे पर्याय असतात आणि बहुतेक ठिकाणी ते बंद असतात. व्हिडिओ लॉस, म्हणजे वायर तुटली. व्हिडिओ टॅम्परिंग, म्हणजे भिंग झाकलं. डिस्क एरर. चुकीचा पासवर्ड वारंवार. हे चार चालू करा, फोनवर सूचना आणि डीव्हीआरचा बझर दोन्ही लावा. काही आयपी कॅमेऱ्यांत दृश्य बदलल्याचाही इशारा मिळतो, तो कॅमेरा फिरवला की वाजतो. हालचालीचा इशारा मात्र दिवसभर ठेवू नका. रस्त्यावरचं कुत्रं, पताका, पाऊस, सगळ्यांना तो वाजतो आणि चौथ्या दिवशी तुम्ही सूचनाच बंद करता. त्याला दुकान बंद असतानाची वेळ लावा.

लावून झालं की कॅमेऱ्यावर वही धरून बघा. इशारा किती सेकंदांत आला ते मोजा. आलाच नाही तर सेन्सिटिव्हिटी वाढवा.

आतली माणसं

हे लिहायला अवघड, पण टाळता येत नाही. कॅमेरा कुठे बघत नाही हे आतल्याला पाठ असतं. मालक, मॅनेजर, बाकीचे, असे वेगळे यूजर करा. बाकीच्यांना फक्त बघण्याची मुभा, पुसण्याची आणि सेटिंगची नको. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा यूजर काढा. डीव्हीआरमध्ये लॉग असतो : कुणी, कधी आत शिरलं, केव्हा बंद केलं, केव्हा घड्याळ बदललं. महिन्यातून एकदा तो चाळा. आणि पासवर्ड डीव्हीआरच्या पाठीवर स्केचपेनने लिहू नका. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता आश्चर्यही वाटत नाही.

सोसायटीत कॅमेरा फिरवणारा चोर नसून शेजारी असतो, असंही घडतं. कॅमेरा त्यांच्या दारात डोकावत असेल तर राग येणारच. सेटिंगमधल्या प्रायव्हसी मास्कने तेवढा भाग काळा करा आणि त्यांना बोलावून स्क्रीन दाखवा. स्टीलच्या पिंजऱ्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

छेडछाड झालीच तर

डीव्हीआर शिल्लक असेल तर त्याच्याशी खेळू नका. रिसेट नाही, फॉरमॅट नाही, 'जरा बघतो' म्हणून भाच्याच्या हाती नाही. जुनं पुसून नवं लिहिणं चालू राहतं, म्हणून रेकॉर्डिंग थांबवा. मेनूतून नीट शटडाउन करा. कापलेल्या वायरीचे, फिरलेल्या कॅमेऱ्याचे, तुटलेल्या कुलपाचे फोटो हात लावण्याआधी काढा. डीव्हीआरचं घड्याळ आणि तुमच्या फोनवरची वेळ एकाच फोटोत येईल असाही एक, शटडाउनच्या आधी, काढा. डीव्हीआरची घड्याळं आतला छोटा सेल संपला की वाट्टेल ती वेळ दाखवतात. एनटीपी (इंटरनेटवरून आपोआप वेळ जुळवणं) चालू केलं आणि टाइम झोन +५:३० ठेवला तर हा प्रश्न उरत नाही. घुसखोरी इंटरनेटवरून झाली असेल तर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

पोलिसांना पेनड्राइव्हवर क्लिप दिली की काम झालं, असं लोकांना वाटतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा खटला इथे आठवतो. उमेदवारी अर्ज तीनच्या मुदतीत भरला की नंतर, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० च्या निकालात सांगितलं की मूळ यंत्र न आणता प्रत दाखल करायची तर पुरावा कायद्यातलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमतही, म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारा तिचा ओळख-आकडा, नोंदवायची असते. फाइलमधला एक बिट बदलला तरी तो आकडा बदलतो. म्हणून क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, तिथे ती दाबली जाते आणि हॅश जुळत नाही. डीव्हीआरच्या बॅकअप मेनूतून मूळ स्वरूपात काढा, सोबत कंपनीचा प्लेअरही घ्या, आणि एक प्रत कुणालाही न देता ठेवा.

पोलीस डीव्हीआरच घेऊन गेले तर पंचनाम्यात मॉडेल, यंत्राचा सिरियल नंबर आणि आतल्या हार्डडिस्कचा सिरियल नंबर लिहिला आहे ना, ते सही करण्याआधी वाचा. हे नंबर आज, सगळं सुरळीत असताना, झाकण उघडून फोटो काढून ठेवा. बिलाच्या फाइलमध्ये, दुकानात नव्हे, घरी.